चहाचा रांजण

जावेचा हेवा वाटतो असं तोंडाने कबूल करणारी बाई मी आमच्या कालव्यावर अजून पाहिलेली नाही. विचाराल त्या सगळ्या सांगतील, "छे हो, पाठच्या बहिणीसारखी आहे मला." मी खरं सांगते. मला सुयेनचा हेवा वाटायचा. इतका, की तिला भात वाढताना माझा हात आखडायचा.

आणि तो हेवा तिच्या रूपाचा नव्हता. रूपाने मी चार पावलं पुढेच होते, आजही आहे. हेवा होता पाण्याचा.

आमच्या घरामागे, कालव्यात उतरणाऱ्या पायऱ्यांपाशी, चार रांजण ओळीने उभे असायचे. पहिला चहाचा, दुसरा भाताचा, तिसरा आंघोळीचा, चौथा भांड्याकुंड्यांचा. पावसाळाभर त्यांत छपराचं पाणी साठायचं, पण तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, सणानंतर महिन्याभरात ते संपायचं आणि मग कालव्यावाचून गती नसायची. मांगथितचा कालवा तो. दिवसभर विटांच्या होड्या फटफटत जाणार, तळचा चिखल वर आणणार. बादलीत हात घातला तर स्वतःची बोटं दिसायची नाहीत. ते पाणी रांजणात भरायचं, तुरटीचा खडा भोकं पाडलेल्या बांबूच्या नळीत घालायचा आणि ती नळी रांजणात गरागरा फिरवायची. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी प्यायचं.

ज्या बाईने जो रांजण ढवळला, तिचं करवंटीचं ओगराळं त्या रांजणाच्या काठाला अडकवलेलं असायचं. चहाच्या रांजणावर अकरा वर्षं माझं ओगराळं होतं. कड तुटलेलं, दांड्याला निळी चिंधी बांधलेलं.

सासूबाईंकडे एक जुना पांढरा कप होता. आत तळाशी निळा मासा रंगवलेला. रोज सकाळी त्या ओगराळ्याने कप भरायच्या, उजेडात धरायच्या आणि वाकून बघायच्या. मासाच दिसला नाही तर पाणी भांड्यांचं. नुसता मासा दिसला तर भाताचं. माशाची खवलं मोजता आली तर ते चहाचं. खवलं दिसली की त्या माझ्याकडे वळून एकच शब्द बोलायच्या.

"दिसतात."

बास. अकरा वर्षांत माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच. मी दोन मुलगे दिले या घराला, मामंजींच्या आजारपणात त्यांचं सगळं केलं, पण "शाबास त्रिन" असं काही त्या बाईच्या तोंडून निघालं नाही. निघायचं ते "दिसतात". त्या एका शब्दावर मी दिवस काढायची.

मग धाकट्या भाऊजींनी सुयेनला लग्न करून आणलं. नदीच्या वरच्या अंगाची पोर, होंग न्यू गावची. तिकडे नदी आमच्याहून गढूळ. मी दोन दिवस माहेरी गेले होते, तेवढ्यात हिने सासूबाईंना विचारलं, "आई, मी ढवळू?" मी परत आले त्या सकाळी सासूबाईंनी कप भरला, पाहिला, आणि सुयेनला काहीच न बोलता सरळ माझ्याकडे घेऊन आल्या.

"बघ, थोरले. कल्लेसुद्धा दिसतात."

मी पाहिलं. माशाला कल्ले आहेत हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून चहाचा रांजण आम्ही आळीपाळीने ढवळू लागलो. एक दिवस मी, एक दिवस ती. माझ्या दिवशी खवलं. तिच्या दिवशी खवलं, कल्ले, शेपटीवरच्या रेघा. आणि तिच्या दिवशी न चुकता सासूबाई कप माझ्यासमोर आणून धरायच्या. जखमेवर मीठ चोळायचं तर एखादीने किती चोळावं.

मला वाटलं, हिची तुरटी वेगळी असणार. माहेरून आणलेली. मग मी काय केलं? दुपारी ती केस धूत असताना तिच्या नळीतला खडा काढला आणि त्यात माझा घातला. तिचा खडा माझ्या नळीत. दुसऱ्या दिवशी मी इतक्या ईर्ष्येने नळी फिरवली की बांबू करकरला. दीडशे फेरे घेतले. घामाने निथळले. सकाळी कपात पाहिलं तर नुसता मासा. तोही धुक्यात पोहत असल्यासारखा. आणि तिने माझ्याच खड्याने ढवळलं, तर कल्ले होतेच.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काल ढवळताना पाहत होते तुला. कोणावर चिडली होतीस?"

"कोणावर नाही."

"मग रांजणाने काय केलं होतं तुझं? आधी जोरात फिरवायचं, बरोबर. पण पुंजके धरायला लागले की हात हळू करायचा असतो. तू धरलेले पुंजके परत फोडतेस. फुटले की ते बसत नाहीत, तरंगत राहतात. राग तुझ्या मनगटात उतरलाय."

हे मला कळत नव्हतं असं नाही. पाण्यात आधी काहीच दिसत नाही, मग नासलेल्या नारळाच्या दुधासारखे बारीक पुंजके दिसू लागतात, मग त्यांची चिखलाशी गाठ पडते आणि ते जड होऊन खाली बसतात. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांनीच शिकवलं होतं. पण सुयेन शेजारच्या ओट्यावर बसून मासे साफ करत होती, तोंडाने गुणगुणत होती, आणि मला हात हळू करणं जमत नव्हतं. जमेनाच.

तिसऱ्या महिन्यात मामंजींचं श्राद्ध यायचं. साठ-सत्तर माणूस. मामंजींना चहाचं भारी वेड. ते गेल्यापासून दर श्राद्धाला देव्हाऱ्यावर त्यांच्या फोटोपुढे पहिला चहा ठेवायचा, आणि तो माझ्या रांजणातल्या पाण्याचा. हे ठरलेलं होतं. निदान मी तसं धरून चालले होते.

श्राद्धाच्या दोन दिवस आधी मी मागच्या दारी गेले तर माझं ओगराळं चौथ्या रांजणावर लटकत होतं. भांड्याकुंड्यांच्या.

"आई, हे कोणी केलं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. केळीची पानं पुसत होत्या, मान वर केली नाही. "यंदा चहाचं सुयेन बघेल. तुझा हात सध्या भांड्यांच्याच कामाचा आहे."

आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर हे म्हणाले, "पाणी ते पाणी. त्यात काय एवढं?" गाढवाला गुळाची चव काय. मी ते दोन दिवस जेवले नाही. कोणी आग्रहही केला नाही. म्हणजे सुयेनने केला, दोनदा केला, म्हणून तर मुळीच जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी, श्राद्धाच्या आदल्या दुपारी, सगळे आडवे झालेले. सुयेनने सकाळीच चहाचा रांजण ढवळून निवळत ठेवला होता. मी झाकण उचललं. काय पाणी होतं! तळाचा साका स्वच्छ दिसत होता. मी हातातला तुरटीचा खडा, चांगला मुठीएवढा, अलगद आत सोडला.

माझा बेत एवढाच होता, की खडा तासभर राहू द्यायचा. पाणी थोडं तुरट व्हावं. चहा पिऊन कोणीतरी तोंड वाकडं करावं, आणि सासूबाईंना कळावं की पाणी नुसतं डोळ्यांनी बघायचं नसतं. मग मी गपचूप खडा काढून घेणार होते.

पण करायला गेले एक अन् झालं एक. तासाभराने मी उठून मागे गेले तर साऊ आत्या, मामंजींची थोरली बहीण, नऊ बायका घेऊन होडीतून उतरलेली. रांजणांच्या शेजारीच चटया पसरून त्यांनी चिकट तांदळाचे बान-तेत बांधायला घेतले होते. केळीच्या पानांचे ढीग, दोऱ्या, हसणं-खिदळणं. साऊ आत्या तर चहाच्या रांजणाला पाठ टेकून बसलेली.

"आत्या, जरा सरकता? पाणी घ्यायचंय."

"भाताच्या रांजणातलं घे की. चहाच्याला हात लावू नकोस, तुझी सासू ओरडेल. आणि काय गं, वाळलीस? जाऊबाई जेवायला देत नाही की काय?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी चार वेळा काही ना काही निमित्ताने तिकडे घिरट्या घातल्या. खाई त्याला खवखवे. संध्याकाळ झाली, बान-तेतची पातेली चुलीवर चढली, आणि ती पातेली राखायला बायका तिथेच पसरल्या. माझा मुठीएवढा खडा रांजणात विरघळत राहिला. मी मनाशी म्हटलं, मरू दे. रांजण तिचा, ओगराळं तिचं, नावही तिचंच खराब होईल.

सकाळी मी पुढच्या चुलीवर डुकराचं मांस आणि अंडी नारळाच्या पाण्यात शिजवत होते, कारल्यांत सारण भरत होते. मान वर करायला फुरसत नव्हती. घर माणसांनी भरलं. देव्हाऱ्यावर फळं मांडली, उदबत्त्या पेटल्या. सासूबाई निळ्या माशाचा तोच कप दोन्ही हातांत धरून पुढे आल्या. वाफ येत होती. त्यांनी तो मामंजींच्या फोटोपुढे ठेवला, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"घ्या. नेहमीप्रमाणे थोरलीच्याच हातचं पाणी आहे."

माझ्या हातातून कारलं गळून पडलं.

मी धावत मागच्या दारी गेले. चहाच्या रांजणावर निळ्या चिंधीचं, कड तुटलेलं ओगराळं होतं. माझं. सुयेन चौथ्या रांजणापाशी बसून भांडी विसळत होती आणि तिचं ओगराळं तिथे अडकवलेलं होतं.

"हे कोणी बदललं?"

"मीच, ताई," ती हळूच म्हणाली. "पहाटे आईंच्या पाया पडून सांगितलं. म्हटलं, मामंजींना मी पाहिलंही नाही. त्यांना ताईंच्या हातचा चहा लागतो. माझ्या नावाने कशाला ठेवायचा? पाणी मी ढवळलंय, पण ते कोणाला कळणार? तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, ताई."

माझ्याच हाताने घातलेली तुरटी, आता माझ्याच नावावर. आत उदबत्ती जळत होती आणि ती जळून खाली येईपर्यंत पूर्वजांचा कप कोणी उचलत नाही. तेवढाच वेळ होता माझ्याकडे. किटलीतला चहा ओतून देऊन दुसरं पाणी चढवावं म्हटलं, तर दुसरं पाणी कुठलं? भाताच्या रांजणात मासा धुक्यात, आणि चौथ्यात तर मीच रागाने ढवळलेला चिखल. कालव्यावर राहून साठ माणसांपुढे ठेवायला माझ्याकडे एक किटलीभर नितळ पाणी नव्हतं.

उदबत्ती संपली. सासूबाईंनी कप खाली उतरवला आणि मानाने साऊ आत्याच्या हातात दिला. आत्याने मोठा घोट घेतला. तिचे गाल आत ओढले गेले. ओठ चंबूसारखे झाले.

"अगं बाई! हा चहा आहे की काय आहे? काखेत चोळायची तुरटी कोणी किटलीत टाकली?"

पुरुषांच्या पंगतीत हशा पिकला. एकाने आपला पेला चाखला आणि थू-थू करत अंगणात धावला. "जीभ सुरकुतली माझी!" आत्याने कप खाली ठेवला. "माझ्या भावाला पाजलंत हे? कोणाचा रांजण?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सासूबाईंचीही. त्या नुसत्या बघत होत्या.

माझं तोंड उघडलं होतं. सांगून टाकणार होते, की ओगराळं माझं असलं तरी पाणी सुयेनने ढवळलंय, विचारा तिला. शब्द अगदी दाताशी आला होता. तेवढ्यात मागून सुयेन आली, ओल्या हातांनी, आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"आत्या, चूक माझी आहे. ताईंनी पाणी छान निवळलं होतं. मला वाटलं तुरटी घालायची राहिली, म्हणून मी परत घातली. मला मारा हवं तर, पण ताईंना बोलू नका."

साऊ आत्याचा राग लगेच उतरला. "अगं पोरी, रडतेस काय? नवीन आहेस. चुकतं माणूस. आजकाल आपणहून कबूल तरी कोण करतं?" कोणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवला. कोणीतरी म्हणालं, किती गुणाची सून आणलीत. कोणीतरी तिच्या हातात गोड वडी ठेवली.

आणि मला ते सोसेना. माझी चोरी, माझी तुरटी, माझं पाप. तेवढंच काय ते पूर्णपणे माझं होतं. तेही ती उचलून घेऊन गेली, आणि वर शाबासकी मिळवली!

"खोटं बोलते ती," मी म्हटलं. "खडा मी टाकलाय. मुठीएवढा. मुद्दाम. तिचं नाव खराब व्हावं म्हणून."

लोक नंतर म्हणाले, त्रिनला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप मला झाला, पण आठवड्याने. त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की तिने जिंकू नये.

सासूबाईंनी कप उचलला. उरलेला चहा एका दमात प्यायल्या, तोंड जराही वाकडं न करता.

"अकरा वर्षं चांगला पाजलास त्यांना," त्या म्हणाल्या. "एका वर्षाचा ते गोड मानून घेतील. पाहुण्यांना शहाळी फोडा. आणि तुम्ही दोघी, मागे चला."

मागे त्यांनी आम्हाला रांजण उपसायला लावला. घासायला लावला. मग कालव्यातून बादल्या, एक तिची एक माझी, काठापर्यंत. आमचे सणाचे कपडे चिखलाने माखले. पुरुषमंडळी शहाळी पीत दारात उभी राहून मजा बघत होती.

"थोरले, घे नळी. फिरव. जेवढी चिडली आहेस तेवढी."

मी फिरवली. पाणी भोवऱ्यासारखं फिरलं, शिंतोडे उडाले. साठ-सत्तर फेरे झाले असतील.

"थांब. आता नळी तिला दे."

मी दिली. सुयेन हळू फिरवू लागली, झोळीतलं मूल हलवावं तशी. पाण्यात पुंजके दिसू लागले, वाढू लागले.

"हिचा हात पहिल्यापासून मऊ," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "तुरटी नीट मिसळतच नाही. तुझ्या दुप्पट लागते तिला. आणि तुझा शेवटपर्यंत राकट. आजपासून चहाचं पाणी दोघींनी मिळून करायचं. आधी तू, मग ती, आणि मग दोघींनी हात काढून घ्यायचा."

दुप्पट तुरटी! हे कधी सांगितलं नव्हतं मला. लाज वाटायच्या त्या दिवसातसुद्धा मनात एक गुदगुली झालीच.

तासाभराने त्यांनी कप भरला. उजेडात धरला. आम्ही दोघी भिजलेल्या कोंबड्यांसारख्या उभ्या. त्यांनी वर पाहिलं.

"दिसतात."

तो शब्द त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की सुयेनकडे, ते मला कळलं नाही. मला वाटलं, तिच्याकडेच. आणि ते बरीच वर्षं मला टोचत राहिलं.

आता सासूबाईही देव्हाऱ्यावर आहेत. घरात नळ आलाय, नितळ पाण्याचा. तीन रांजणांत आम्ही माती भरून मिरच्या लावल्यात. चौथा, म्हणजे पहिला, चहाचा, तसाच आहे. त्यांच्या श्राद्धाला नळाचं पाणी चालत नाही. आदल्या सकाळी आम्ही दोघी कालव्याचं भरतो. मी जोरात फिरवते. मग सुयेन हात पुढे करते, "ताई, द्या आता." दर वर्षी मी दोन-चार फेरे जास्तीचे घेते. नळी सोडवत नाही. ती हात तसाच पुढे धरून उभी राहते.

पाणी निवळलं की ती कप भरून माझ्यापुढे आणते, कारण आता घरातली थोरली मी. बघायचं मी, बोलायचंही मी. गेल्या वर्षापर्यंत मी नुसती मान हलवायची. गेल्या वर्षी, का कोण जाणे, तोंडातून निघालं, "दिसतात."

सुयेनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"काय झालं गं? तुरटी गेली का डोळ्यात?"

"नाही, ताई." तिने गळ्यातल्या चौकड्यांच्या उपरण्याने नाक पुसलं. केस पिकलेत आता तिचे. "आई मला कधीच म्हणाल्या नाहीत तो शब्द. माझ्या दिवशी कप उचलायच्या आणि तुमच्याकडे घेऊन जायच्या. मी एवढी जीव ओतून ढवळायची ते त्याच्यासाठीच. एकदा तरी माझ्याकडे बघून म्हणतील म्हणून. त्या श्राद्धाच्या दिवशीसुद्धा तुमच्याकडेच बघून म्हणाल्या. मी शेजारी उभी होते. फार जळले होते तुमच्यावर, ताई. सांगू नये, पण जळले होते."

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, आधी आनंद झाला. चांगला मुठीएवढा. माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या तर!

मग मी कप पुन्हा तिच्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि नीट वाकून पाहिलं. मासा म्हातारा झालाय, रंग उडालाय, पण होतं ते सगळं दिसत होतं. मी मान वर केली, इकडेतिकडे नाही, सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"कल्लेसुद्धा दिसतात, सुयेन."